खिशातला पहिला चाकू: काय बघून घ्यावा, कसा सांभाळावा

माझा पहिला मिटायचा चाकू मी फोटो बघून घेतला. काळं पातं, काळी मूठ, पात्याच्या निम्म्या भागाला करवतीसारखे दात, आणि मिटलेला असतानाही तळहाताच्या बाहेर डोकावणारा. खिशात तो मावायचा, पण तो खिशात ठेवून खुर्चीत बसता यायचं नाही. ऑफिसात एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकच्या खोक्याची फीत कापायला तो बाहेर काढला, तर शेजारच्या मॅडम खुर्चीसकट मागे सरकल्या. तेव्हापासून तो कपाटात आहे. आज माझ्या खिशात असतो तो चाकू मिटल्यावर मधल्या बोटाएवढा होतो. तो रोज निघतो आणि कुणी मागे सरकत नाही.

पहिल्यांदाच चाकू घेऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. स्वसंरक्षणासाठी चाकू हवा असेल तर इथे तुमच्या उपयोगाचं काही नाही, आणि तो विचार सोडलेलाच बरा. अंगावर कुणी आलं तर खिशातून चाकू काढून, उघडून, नीट धरेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शिवाय पोलीस ठाण्यात तुमची बाजू लंगडी पडते ती वेगळीच. हा चाकू पेरू, पार्सल आणि सुतळी यांच्यासाठी आहे.

आमच्या आजोबांच्या तोंडी 'चाकू' म्हणजे मिटणाराच. जी मिटत नाही ती सुरी. बोरू तासायला, पुढे पेन्सिलीला टोक काढायला, बाजारातून आणलेल्या पुड्यांचे दोरे कापायला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक असायचाच. तेव्हा त्याला कुणी हत्यार म्हणत नव्हतं. मधल्या काळात हिंदी सिनेमातल्या गुंडाने करकर आवाज करत रामपुरी उघडला आणि बिचाऱ्या चाकूची अब्रू गेली.

पायरी १: आठवडाभर फक्त मोजा

चाकू बघायला सुरुवात करण्याआधी सात दिवस एक काम करा. काहीतरी कापावं, फोडावं, सोलावं, खरवडावं लागलं की मोबाइलमध्ये टिपून ठेवा. दाताने फाडलेली चिवड्याची पिशवी, किल्लीने उघडलेलं कुरिअरचं खोकं, नखाने उचकटलेली चिकटपट्टी, हे सगळं त्यात आलं पाहिजे.

माझ्या यादीत त्या आठवड्यात खोकी आणि पाकिटं अकरा वेळा आली. फळं चार वेळा, सुतळी किंवा प्लास्टिकची पट्टी तीन वेळा, शर्टाला लटकलेला दोरा दोनदा. चार्जरच्या प्लगचा सैल स्क्रू एकदा. लाकूड शून्य, जाड दोर शून्य, आणि जंगलात झोपडी बांधण्याचा प्रसंगही शून्य. कपाटातला माझा काळा राक्षस मी त्या शून्यांसाठी घेतला होता.

तुमची यादी वेगळी येईल. नारळी-पोफळीची बाग असेल तर ती फारच वेगळी येईल. पण ती डोळ्यांसमोर असल्याशिवाय पुढची एकही पायरी नीट ठरत नाही. स्क्रू दोनदा आला असेल तर पेचकस असलेला चाकू बघा. दोरे आले असतील तर छोटी कात्री असलेला बघा. चाकूतल्या कात्रीला मी आधी हसायचो. आता घरात सगळ्यांत जास्त मागणी तिलाच आहे.

पायरी २: तुमची पावलं कुठल्या दारांतून जातात

पोलाद, मूठ वगैरे नंतर. आपल्याकडे पहिला प्रश्न दारावरच्या माणसाचा असतो.

शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्या नियमांच्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाले यांच्या रांगेत चाकूही आहेत. पण ते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. आपण बोलतोय तो चाकू त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचाही नसतो, त्यामुळे इथवर काळजी नाही.

काळजी पुढच्या दोन गोष्टींची. पहिली, याच कायद्याच्या कलम ४ नुसार एखाद्या भागापुरती अधिसूचना काढून लहान हत्यारांनाही परवाना लागू करता येतो. दिल्लीत तसं झालेलं आहे: बटणाचे, गरारीचे (म्हणजे खाचांवरून करकर करत उघडणारे), स्प्रिंगने उघडणारे चाकू ७.६२ सेंमी लांब आणि १.७२ सेंमी रुंद किंवा त्याहून मोठ्या पात्याचे असतील, तर ते तिथे त्या अधिसूचनेत येतात. दुसरी गोष्ट अगदी घरची. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१). गणपती, निवडणुका, मोर्चे, आंदोलनं अशा काळात पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. 'शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, लाठ्या किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू' अशा वळणाची ती भाषा पेपरात वाचलेली असेल. कोयता सापडल्याच्या बातमीच्या शेवटी 'कलम ३७(१) सह १३५' असतं ते हेच. असा आदेश लागू असताना 'हा तर फळं कापायचा आहे' हे तुम्हाला रस्त्यात उभं राहून पटवून द्यावं लागेल. करंगळीएवढा, लाल मुठीचा, कात्री आणि दातकोरणी असलेला चाकू ते आपसूक पटवतो. काळा, टोकदार, खट्कन उघडणारा चाकू पटवत नाही. म्हणून माझा सरळ सल्ला: बटण दाबल्यावर आपोआप उघडणारा, म्हणजे ज्याला आपण खटक्याचा चाकू म्हणतो तो, कितीही देखणा असला तरी घेऊ नका. मिरवणुकीच्या, सभेच्या दिवशी तर कुठलाच चाकू खिशात नको.

मग रोजची दारं. मेट्रोच्या स्थानकात बॅग यंत्रातून जाते. मॉल, मल्टिप्लेक्स, न्यायालय, मंत्रालय, मोठी मंदिरं इथे तपासणी असते. विमानात केबिनच्या बॅगेत पातं चालत नाही. चेक-इनच्या सामानात जातं. मी विमानतळावर आजवर दोन चाकू गमावले, दोन्ही वेळा ते किल्ल्यांच्या जुडग्यात होते आणि मी विसरलो होतो. चूक शंभर टक्के माझी. रोज मेट्रोने जाणाऱ्याने चाकू खिशात बाळगण्याचा हट्ट न धरता एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि एक घरी ठेवावा. मुंबईत निम्म्या लोकांसाठी 'रोजचा चाकू' म्हणजे ड्रॉवरचाच चाकू, आणि त्यात काही कमीपणा नाही.

परदेशी राहणाऱ्यांनी तिथला कायदा वेगळा वाचावा. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतचं, मिटणारं आणि उघडल्यावर जागच्या जागी पक्कं न अडकणारं पातं कारण न सांगता बाळगता येतं; पातं अडकणारं असेल तर सबळ कारण लागतं. पुण्याहून लंडनला जाताना भावाने भेट दिलेला चाकू सोबत नेण्याआधी हे तपासा.

पायरी ३: माप

पातं ५ ते ७ सेंमी. माझ्या मते इथे वाद घालण्यासारखं फारसं नाही. मध्यम पेरू साधारण तेवढाच रुंद असतो. पातं थोडं आखूड पडलं तर फळ फिरवून कापता येतं. चिकटपट्टी कापायला तर २ सेंमी पुरतात. ८ सेंमीच्या पुढे गेलात की पातं कामापेक्षा लोकांच्या नजरेत जास्त भरतं.

वजन मात्र दुकानात लोक बघतच नाहीत. शंभर ग्रॅमच्या पुढचा चाकू सुती पॅंटच्या खिशात लंबकासारखा हलतो, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही तो घरी ठेवता. स्विस बनावटीचा ५८ मिमी लांबीचा सगळ्यांत छोटा 'क्लासिक' जेमतेम २१-२२ ग्रॅमचा आहे, तर ९१ मिमीचा साधा 'स्पार्टन' साठेक ग्रॅमचा. कुर्ता-सलवार किंवा साडी वापरणाऱ्यांना, म्हणजे ज्यांच्या कपड्यांना शिंप्याने खिसाच दिलेला नाही त्यांना, किल्ल्यांना अडकवता येणारा छोटा चाकूच सोयीचा.

पायरी ४: पातं अडकणारं की न अडकणारं

नवशिक्याचा सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

न अडकणाऱ्या चाकूत मुठीच्या पाठीत एक ताठ पोलादी पट्टी असते. ती पात्याच्या बुडावर दाब देते. उघडताना थोडा जोर लागतो, मग 'टक' असा आवाज होऊन पातं उघडं राहतं. पण पात्याच्या पाठीवर पुरेसा जोर पडला तर ते मिटतं. आजोबांचा चाकू असाच होता आणि लाल मुठीचे बहुतेक स्विस चाकू असेच असतात. यात फक्त ढकलून कापायचं. टोक खुपसून भोक पाडायला गेलात तर पातं बोटांवर मिटू शकतं.

अडकणाऱ्या चाकूंचे प्रकार बरेच. पाठीवरच्या खाचेत अंगठ्याने दाबून सोडवायचा तो एक. दुसरा हल्ली सगळीकडे दिसतो: मुठीच्या आत एक पत्र्याची पट्टी आतल्या बाजूला वाकवलेली असते, पातं उघडलं की ती सरकून त्याच्या बुडाखाली टेकते. मिटताना ती पट्टी अंगठ्याने बाजूला करावी लागते, आणि गंमत अशी की तो अंगठा नेमका पात्याच्या वाटेवर असतो. पातं थोडं खाली आलं की अंगठा काढायचा, मग पुढचं मिटवायचं, ही सवय हाताला लागेपर्यंत एक-दोन चिरा ठरलेल्या. तिसरा प्रकार मला फार आवडतो. फ्रान्सच्या साव्वा भागात झोझेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू बनवला. १९५५ पासून त्याच्या गळ्यात एक फिरती कडी आली. पातं उघडा, कडी फिरवा, पातं जागच्या जागी. पाच वर्षांच्या मुलालाही कळेल इतकं उघड यंत्र, बिघडण्यासारखं काही नाही.

पहिला चाकू न अडकणारा घ्या. लोक याच्या उलट सांगतात, 'अडकणारा सुरक्षित' म्हणतात, आणि वाक्य म्हणून ते खरंही आहे. पण न अडकणारा चाकू तुम्हाला पहिल्या दिवसापासून धारेच्या वाटेत बोट न ठेवायला शिकवतो. अडकणारा चाकू 'अडकलंय ना' असा विश्वास देतो, आणि स्वस्त चाकूंत ती पट्टी झिजली की तो विश्वास आधी न सांगता जातो. शिवाय दारावरच्या माणसाला न अडकणारा चाकू समजावणं सोपं. सह्याद्रीत रोज भटकणारे, लाकडावर काम करणारे, ओल्या हाताने दोर कापणारे यांचं काम वेगळं. त्यांनी अडकणारा घ्यावा आणि कडीवाला घेतला तर उत्तम.

पायरी ५: पात्याचा आकार, आणि त्याहून महत्त्वाची त्याची जाडी

जाहिरातीत आकारांची नावं फार असतात. तुम्हाला हवं ते साधं: पाठ जवळजवळ सरळ किंवा टोकाकडे थोडी उतरलेली, पोटाला हलका गोलवा, धार सलग. दातेरी धार दोर आणि पट्टे कापायला चांगली, पण फळाच्या फोडी ती ओरबाडते आणि घरच्या दगडावर तिला धार लावता येत नाही. अर्धी साधी आणि अर्धी दातेरी अशी धार तर दोन्हीकडून गेलेली असते. माझा कपाटातला याच जातीचा.

जाडीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. पेरू घ्या. पाठीला दोन मिमीच्या आसपास जाड आणि धारेकडे निमुळतं होत गेलेलं पातं पेरूतून सरळ जातं, दोन स्वच्छ फोडी होतात. तीन-साडेतीन मिमीचं 'मजबूत' पातं तितकंच धारदार असलं तरी अर्ध्यावर पाचरीसारखं अडकतं आणि पेरू कडकन फुटतो. पाचर मारून लाकूड फोडतात त्यातलाच हा प्रकार. कच्चं गाजर कापून बघितलंत तर हा फरक एका सेकंदात कळतो. जाड पात्याचं कौतुक दारं उचकटणाऱ्यांसाठी. दार उचकटायला चाकू वापरायचाच नसतो; टोक मोडतं आणि उडून डोळ्याकडे येतं.

जाता जाता एक सावधगिरी. कृषी सेवा केंद्रात डोळा भरायचे, कलमाचे मिटते चाकू मिळतात, बरेचदा स्वस्त आणि चांगल्या पोलादाचे. कोकणातल्या पुष्कळ घरांत एखादा असतोच. पण त्यांतल्या बऱ्याच चाकूंची धार एकाच बाजूने घासलेली असते, कारण कलमाच्या काडीला सपाट काप लागतो. अशा पात्याने सफरचंद सरळ कापायला गेलात तर चाकू एका अंगाला पळतो. डावखुऱ्यांना तर तो उलटाच पडतो. कलमांसाठी घ्या, खिशासाठी नको.

पायरी ६: पोलाद

या विषयावर वाचायला बसलात तर महिना जाईल आणि चाकू येणार नाही. तीन गोष्टी पुरेत.

पहिली, गंज. पोलादात क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की ते स्टेनलेस म्हणवतं. पण स्टेनलेस म्हणजे 'कधीच गंजणार नाही' असं नव्हे. 'डी२' नावाचं पोलाद स्वस्त चिनी चाकूंत खूप दिसतं. त्यात क्रोमियम बाराच्या आसपास असतं, तरीही ते पावसाळ्यात रत्नागिरीत ठिपके धरतं. कारण त्यात कार्बन दीड टक्का असतो. तो कार्बन बरंचसं क्रोमियम स्वतःशी बांधून कठीण कण बनवतो आणि गंज अडवायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. धार टिकते ती त्या कणांमुळेच, म्हणजे एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने जातं. दमट किनाऱ्यावर राहत असाल, घामाने खिसा भिजत असेल, तर स्वीडनच्या '१२सी२७' किंवा '१४सी२८एन' जातीचं पोलाद किंवा सरळ स्विस चाकूंचं नेहमीचं पोलाद घ्या.

दुसरी, कठीणपणा. तो रॉकवेल अंकात सांगतात. स्विस चाकूंची पाती ५६ च्या आसपास असतात. महागड्या चाकूंची साठच्या वर. अंक वाढला की धार जास्त दिवस टिकते, पण बोथटल्यावर ती परत आणायला चांगले दगड आणि चिकाटी लागते. आणि पडलं तर धारेचा टवका उडतो. नवशिक्याला ५६ ते ५९ मध्ये सुख आहे. दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटं घासावं लागेल, पण पाच मिनिटांत काम होईल.

तिसरी, साधं कार्बन पोलाद, म्हणजे ज्यात क्रोमियम जवळपास नाहीच. आपल्या विळीचं पातं आठवा. कैरी चिरल्यावर काळं पडतं, केळफुलाने काळं पडतं, पुसायचं राहिलं तर तांबूस होतं. पण धार लावायला सोपं आणि लागली की काय लागते! ओपिनेलचे चाकू कार्बन आणि स्टेनलेस दोन्हींत येतात. विळीची निगा राखणारं कुणी घरात असेल तर कार्बनचा चाकू तुम्हाला जड जाणार नाही. काही महिन्यांत त्याच्यावर निळसर करडा राप चढतो; तो गंज नव्हे, उलट तांबड्या गंजाला थोडा अडवतो. घासून काढू नका.

पायरी ७: मूठ आणि बाकीचं

प्लास्टिकची मूठ दिसायला खास नसते पण पावसाला घाबरत नाही. ॲल्युमिनियमची पातळ आणि टिकाऊ. खरखरीत नक्षी असेल तर ओल्या हातातही घसरत नाही. लाकडाची हाताला सगळ्यांत गोड, पण जुलैत फुगते. लाकडी ओपिनेल दापोलीला पावसात नेलात तर पातं मुठीत असं रुतून बसतं की नखाने निघत नाही. त्यावर साव्वाच्या शेतकऱ्यांचीच युक्ती आहे: मुठीचं मागचं टोक दगडावर किंवा टेबलाच्या कडेवर हलकेच आपटायचं, पात्याचं टोक वर येतं, मग चिमटीने उघडायचं. कडी आधी मोकळी केली आहे ना, तेवढं बघा.

खिशाला अडकवायची क्लिप सोयीची असते, पण ती बाहेरून दिसते, आणि बघणाऱ्याला 'याच्याकडे चाकू आहे' हे आधी कळतं. मी काढून टाकतो. स्क्रू जपून ठेवा.

पायरी ८: घेताना

पहिल्या चाकूवर दोन-अडीच हजारांपेक्षा जास्त खर्च करू नका. तो हरवणार आहे, किंवा कुणीतरी 'बघू जरा' म्हणून नेणार आहे.

दुकानात हातात घेऊन चार गोष्टी तपासा. उघडलेलं पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. बिजागरीत खुळखुळ नको. मिटवून वरून बघा. पातं मुठीच्या दोन भिंतींच्या साधारण मध्ये हवं, एका भिंतीला घासलेलं नको. धार उजेडाकडे धरा. धारदार कड दिसत नाही, बोथट असेल तिथे पांढरी रेघ चमकते. मग वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापा. अंगठा धारेवर लांबीच्या दिशेने फिरवून बघणारे दुकानदार मी पाहिलेत. तुम्ही ते करू नका.

ऑनलाइन घेताना नकली स्विस चाकूंपासून सांभाळा. लाल मूठ, क्रॉस, सगळं जागेवर असतं. फरक उघडताना कळतो. खऱ्यातलं प्रत्येक पातं ठाम 'टक' करून उघडतं आणि बसतं. नकली लुळं असतं, किंवा एक पातं उघडायला दात लावावे लागतात. पात्याच्या बुडाशी कोरलेलं नाव फिकट, तिरपं असेल तर परत पाठवा. अवजारं सोळा-अठरा आणि किंमत दोनशे रुपये असेल, तर विचार करायची गरजच नाही.

पायरी ९: पहिला आठवडा

सोफ्यावर बसून, टीव्ही बंद करून, चाकू वीस-तीस वेळा सावकाश उघडा आणि मिटवा. मिटवताना पात्याच्या पाठीवर तळहाताचा दाब द्या आणि बोटं मुठीच्या खाचेतून बाहेर आहेत का ते दर वेळी बघा. चित्रपटातल्यासारखा मनगटाच्या झटक्याने उघडायचा मोह होईल, तो आवरा. कापायला सुरुवात केल्यावर धारेपुढे आपलं काही येऊ देऊ नका; फळ तळहातावर ठेवून कापायची आपल्याकडे सवय आहे, ती या चाकूसाठी सोडा. ट्रेकला भेळेचा कांदा कापायचा असेल तर डब्याचं झाकण उलटं करून त्यावर कापा.

आमच्या घरी मीठ, मिरची आणि सुरी हातातून हातात देत नाहीत. खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. भांडण होतं म्हणतात. मिठा-मिरचीचं मला माहीत नाही, पण चाकूच्या बाबतीत याहून चांगला नियम मी कुठे वाचला नाही. कुणी 'दे जरा' म्हणालं की मिटवून टेबलावर ठेवा.

पायरी १०: धार आणि तेल

बोथट चाकू धारदारपेक्षा जास्त कापतो, फक्त कापतो तो तुम्हाला. जोर लावावा लागतो आणि तो घसरतो. पंधरा दिवसांनी एकदा निसण्यावर घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा, एक खरखरीत आणि एक मऊ, असा दगड सुरुवातीला पुरतो. कोन कसा धरायचा? पातं दगडावर सरळ उभं धरा, मग निम्मं झुकवा, मग पुन्हा निम्मं. तो झाला बाविसेक अंशांचा कोन. अगदी किंचित आणखी झुकवला की झालं. पाणी लावून, हलक्या हाताने, दोन्ही बाजूंना सारखे फेरे. दगड नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करा. त्याच्या बुडाच्या कडेला चकाकी नसलेली खरखरीत गोल पट्टी असते, तिच्यावर दहा-दहा फेऱ्यांत बोथटलेला चाकू बराच सावरतो. ऑफिसात मी हेच करतो, कप स्वतःचा असेल तर.

सायकलचं चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला घरातल्या सुऱ्या द्या, विळी द्या, हा चाकू देऊ नका. ठिणग्या उडतात तेव्हा पातळ पातं चटकन तापतं, पोलादाचा कठीणपणा उतरतो आणि पुढे धार टिकत नाही. शिवाय एका फेरीत बराच धातू जातो. एवढ्याशा पात्याला तो परवडत नाही.

आंबा, लिंबू, मासे यानंतर पाण्याने धुवा आणि उघडा ठेवून वाळवा. बिजागरीत खिशातला धाग्यांचा भुगा साठतो. तो टूथपिकने काढा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, आणि ओघळ पुसून टाका. खोबरेल मुळीच नको. मी पहिल्या वर्षी घातलं होतं, घरात तेच हाताशी होतं. महिनाभर पातं लोण्यासारखं उघडायचं. मग डिसेंबर आला, पुण्यात थंडी पडली, बाटलीतल्या तेलाबरोबर चाकूतलंही थिजलं, आणि पेरूवाल्यापुढे उभा राहून मी तो दोन्ही हातांत धरून फुंकर मारत बसलो होतो.